टोकियोतलं टेक्सास

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाची खाण्याची दुःखं ठरलेली असतात. गोडा मसाला संपला, भाजणी मिळत नाही, चितळ्यांची बाकरवडी आणणारा मित्र यंदा येणार नाही, वगैरे. टोकियोत ही दुःखंही आता फारशी उरलेली नाहीत. निशी-कासाईला उतरलं की तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळतं. माझं दुःख जरा चमत्कारिक आहे आणि सांगितलं की लोक हसतात. मी टोकियोत राहतो आणि मला भूक लागते ती टेक्सासची.

तर थोडा खुलासा. २००४ ते २००९ मी ऑस्टिनला होतो. आणि हो, मी बीफ खातो. आईला ठाऊक आहे, तिला ते पटत नाही, आणि त्यावर आमचं जे बोलायचं ते कधीच बोलून झालंय. ज्यांना हा विषयच नको असेल त्यांनी आजचा लेख सोडून द्यावा, पुढच्या शनिवारी भेटूच.

ऑस्टिनपासून पन्नासेक किलोमीटरवर लॉकहार्ट नावाचं छोटं गाव आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने त्याला चक्क ठराव करून बार्बेक्यूची राजधानी जाहीर केलंय (विधिमंडळांना सगळीकडेच वेळ असतो!). एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन आणि झेक लोक येऊन वसले. त्यात खाटीकही होते. फ्रीज नव्हते, त्यामुळे न खपलेलं मांस हे लोक धुरावर ठेवायचे आणि शेतावर काम करणारे मजूर ते तिथेच, खाटकाच्या कागदावर घेऊन, हाताने खायचे. पुढे मांस विकणं मागे पडलं आणि धुराचं मांस हाच धंदा झाला. तिथलं एक दुकान १९०० सालचं आहे. स्पेलिंग बघून आपण 'क्रॉइट्झ' म्हणायला जातो, गावकरी म्हणतात 'क्राइट्स'. आम्ही जायचो तेव्हा तिथे सॉस मिळत नसे आणि काटेही ठेवलेले नसत. कागद, सुरी, पाव, कांदा. बस्स.

या दुकानाची एक गोष्ट मला फार आवडते. वडिलांनी इमारत मुलीच्या नावाने केली आणि धंदा मुलांच्या. पुढे भावाबहिणीचं जमेना, तेव्हा १९९९ साली भावाने त्याच रस्त्यावर थोडं पुढे नवीन जागा बांधली. जाताना जुन्या भट्टीतला विस्तव एका टपात भरला आणि तो टप रस्त्यावरून ओढत नव्या भट्टीपर्यंत नेला. शेजारणीकडून गोवरीवर विस्तव मागून आणणाऱ्या आपल्या आज्यांना हे एका क्षणात समजलं असतं. बहिणीनेही जुन्या इमारतीत आपलं दुकान काढलं. दोन्हीकडे मांस उत्तम मिळतं, त्यामुळे या भांडणात गिऱ्हाइकाचा फायदाच झाला.

आता ब्रिस्केट म्हणजे काय ते सांगतो. जनावराच्या छातीचा, पुढच्या दोन पायांमधला हा भाग. सगळं वजन त्याच्यावर, म्हणून चिवट. साधं भाजलं तर चपलेचा तळवा होतो. मीठ आणि मिरपूड लावून ११०-१२० अंश सेल्सियसच्या धुरात बारा-चौदा तास ठेवलं की त्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं आणि मग तेच मांस बोटाने तुटतं. मधे एक गंमत होते. आतलं तापमान पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत नीट चढतं आणि तिथे अडकतं. तासन्‌तास! इन्स्टॉलेशनची पट्टी ९९ टक्क्यांवर थांबते ना, अगदी तसं. कारण सरळ आहे, मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होतं आणि घामाने आपलं अंग गार राहतं तसं ते मांस गार राहतं. नवशिके घाबरून आच वाढवतात. जुने लोक बिअर उघडतात. शेवटी आत पंचाण्णवच्या आसपास गेलं की झालं. पाच किलोचं तीन-साडेतीन किलो उरतं, हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००९ च्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. त्या काळी एच-वन-बीवर नोकरी गेली की साठ दिवसांची सवलत वगैरे नव्हती, ती २०१७ मध्ये आली. घर आवरायला दोन आठवडे लागले. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आरन फ्रँकलिन नावाच्या माणसाने ऑस्टिनमध्ये एका ट्रेलरमध्ये ब्रिस्केट विकायला सुरुवात केली. पुढे त्याच्या दारात पहाटेपासून रांगा लागल्या आणि २०१५ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कारही मिळाला. मी हे सगळं पुण्यात बसून वाचत होतो. च्यायला, सहा महिने काय ते!

पुण्यातली वर्षं बर्गरवर काढली. पुणेकर वाचकांना कॅम्पातलं आणि कोरेगाव पार्कातलं इराण्याचं 'बर्गर किंग' सांगायला नको. १९९२ पासूनचं. अमेरिकन कंपनी भारतात आली २०१४ मध्ये, पण नावावरून दावा तिने २०११ मध्येच ठोकला होता. २०२४ मध्ये पुण्याच्या कोर्टाने तो फेटाळला आणि मग प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. असो. बर्गरचं भागत होतं. ब्रिस्केटचं नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, उरली म्हैस. म्हशीच्या मांसात चरबी कमी, आणि या प्रकाराला चरबीच लागते, नाहीतर चौदा तासांनी लाकूड हातात येतं.

२०१६ मध्ये टोकियोला आलो. पहिल्याच महिन्यात ऑफिसच्या लोकांनी विचारलं, "रविवारी बार्बेक्यू आहे, येणार का?" माझे कान टवकारले. तामागावा नदीच्या काठी गेलो तर छोट्या शेगडीवर कागदासारखे पातळ काप, भोपळी मिरची, कांदा, कोबी, आणि शेवटी त्याच तव्यावर नूडल्स. जपानीत बार्बेक्यू म्हणजे हे. चविष्ट होतं, मजाही आली, पण चटका बसायच्या आत मांस शिजून तोंडात जातं. ज्याला चौदा तास लागतात त्याच्याशी या प्रकाराचं फक्त नावाचं नातं.

बर्गरच्या बाबतीत नावांचा गोंधळ आणखी मजेशीर. 'हाम्बागु' आणि 'हाम्बागा' असे दोन वेगळे पदार्थ आहेत. हाम्बागु म्हणजे बीफ आणि पोर्कचा एकत्र खिमा, त्यात कांदा, अंडं, ब्रेडचा चुरा घालून केलेली जाड टिक्की. ती भाताबरोबर खातात. जपानी मुलांचा जीव की प्राण. हाम्बागा म्हणजे पावातला. आणि अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी पावात हाम्बागुच घालून देतात! मऊ, गोडसर, कटलेटच्या चुलतभावासारखा. मी त्याला नावं ठेवत नाही. पण अमेरिकन बर्गर म्हणजे नुसतं बीफ, त्यात पाचवा हिस्सा चरबी, वरून मीठ, आणि तापलेलं लोखंड. त्यात चुरा घातला की तो संपला.

जपानचा स्वतःचा बर्गर-इतिहास मात्र जोरदार आहे. नागासाकी प्रांतातलं सासेबो हे अमेरिकन नौदलाच्या तळाचं गाव. १९५० च्या सुमारास तिथल्या लोकांनी नौसैनिकांकडून बर्गर शिकून घेतला. मी तिथे जाऊन खाल्लाय. अंडं, बेकन, अंडयातलं गोडसर मेयॉनेझ, आणि दोन्ही हातांत मावणार नाही असा आकार. १९७१ च्या जुलैत मॅकडॉनल्ड्सचं जपानातलं पहिलं दुकान गिंझात उघडलं. दुसऱ्याच वर्षी टोकियोच्या एका कोपऱ्यात, नारिमासूला, मॉस बर्गर निघालं. त्याचा संस्थापक लॉस एंजेलिसला नोकरी करून आलेला, तिथल्या एका दुकानाचा चिली बर्गर त्याच्या डोक्यात बसला होता. म्हणजे बघा, हाही आपल्यातलाच. १९७३ मध्ये त्यांनी तेरियाकी बर्गर आणला, १९८७ मध्ये पावाऐवजी भाताच्या चकत्यांचा. तेरियाकी बर्गर मी आवडीने खातो, पण तो हाम्बागाच्या वेगळ्या खात्यात लिहितो.

खरा अमेरिकन चवीचा बर्गर हवा असेल तर टोकियोत तोही आहे. होंगोचं फायर हाउस १९९६ पासून आहे, आणि त्याच्यानंतर शहरभर अशी दुकानं निघाली. इथली माझी आवडती गोष्ट म्हणजे पाव. शिंजुकूत मिनेया नावाची एक बेकरी आहे, ती शहरातल्या कितीतरी बर्गरवाल्यांना पाव पुरवते. प्रत्येक बर्गरवाला पावाबद्दल तासभर बोलू शकतो. २०१७ मध्ये ट्रम्प आले तेव्हा आबेंनी त्यांना गोल्फ क्लबवर बर्गर खिलवला, तोसुद्धा टोकियोतल्या 'मंचेस बर्गर शॅक'चा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला जपानात अमेरिकन बर्गर! आणि काही बिघडलं नाही, कारण इथले चांगले बर्गर अमेरिकेतल्या सर्वसाधारण बर्गरपेक्षा सरळसरळ चांगले आहेत. हे माझं मत, टेक्सासच्या मित्रांनी शिव्या घालाव्यात. तेव्हा बर्गरचा शोध माझ्यापुरता वर्षभरात आटोपला.

ब्रिस्केटला तीन वर्षं लागली. पहिली अडचण खाटकाची. इथे छातीच्या या भागाला 'काताबारा' म्हणतात आणि तो अख्खा कोणी विकत नाही. मांस १०० ग्रॅमच्या भावाने, पातळ कापून, सुबक थाळीत. पाच किलोचा एक तुकडा मागितला की दुकानदार आपल्याकडे बघतो आणि मग आतल्या माणसाला बोलावतो. वाग्यूचा मिळाला तरी परवडत नाही, आणि चरबी इतकी की निम्मं वितळून जाणार. म्हणजे अमेरिकेहून आलेलंच हवं. त्याची रड वेगळी. २००३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मॅड काऊचं जनावर सापडलं आणि जपानने आयात बंद केली. २००४ च्या फेब्रुवारीत योशिनोयाने बीफ-भाताची विक्री थांबवली, ती इथे राष्ट्रीय बातमी होती. मग २००६ मध्ये वीस महिन्यांपर्यंतच्या जनावरांना परवानगी, २०१३ मध्ये तीस महिने, आणि वयाची अट पूर्ण गेली २०१९ मध्ये.

दुसरी अडचण धुराची. टोकियोत लोक कपडे बाल्कनीत वाळत घालतात. चौदा तास लाकूड जाळणारं दुकान वस्तीत काढलं की संध्याकाळपर्यंत तक्रार येणार. म्हणून बहुतेक ठिकाणी गॅसची किंवा विजेची पेटी असते आणि धुरासाठी चेरीच्या लाकडाचा चुरा. खायला बरं लागतं, पण कापल्यावर कळतं.

२०१९ च्या शेवटी एका सहकाऱ्याने कावागुचीचा पत्ता दिला. आराकावा नदी ओलांडली की साइतामात लागतं ते. ओतकामाच्या कारखान्यांसाठी जुनं प्रसिद्ध गाव. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दहाच खुर्च्या आहेत आणि त्यातली एक मला लागते :-)

मालकाला सगळे 'मास्टर' म्हणतात. आता सत्तरीला आलेत. सेमीकंडक्टरमधले इंजिनिअर, नव्वदच्या दशकात कंपनीने चार वर्षं ऑस्टिनला पाठवलं होतं. निवृत्त झाल्यावर शेजारच्या कारखानदाराकडून जाड पोलादी भट्टी जोडून घेतली. "इथे जागा का घेतली?" मी विचारलं, तर म्हणाले, "शेजारी सगळे स्वतःच भट्ट्या चालवतात. धुराबद्दल कोण बोलणार?" लाकूड नाराचं, म्हणजे जपानी ओक. टेक्सासच्या पोस्ट ओकचा हा लांबचा भाऊ लागतो. पहिल्या दिवशी मी सवयीने सॉस मागितला. त्यांनी मला आधी एक काप कागदावर दिला आणि म्हणाले, "हे खा. मग लागला तर देतो." कडेला काळी खरपूस साल, तिच्याखाली धुराने धरलेली गुलाबी कड, आणि काप बोटावर लोंबकळतो पण तुटत नाही. सॉस लागला नाही.

नंतर कळलं की आम्ही दोघं ऑस्टिनमध्ये एकाच रस्त्यावर राहिलो होतो, दहा वर्षांच्या अंतराने. माझं जपानी लंगडं, त्यांचं इंग्रजी टेक्सासच्या हेलाचं. कोणतं दुकान पाडलं, कुठल्या कोपऱ्यावर काय होतं, यावर आम्ही तासन्‌तास बोलतो. दोघांचंही ते गाव नव्हे. तिथे आमचं एक झाडही नाही.

कोविडमध्ये त्यांनी ब्रिस्केटचे बेंतो विकून दुकान तगवलं. त्यानंतरचा काळ जास्त कठीण गेला. २०२४ च्या जुलैत एका डॉलरला १६० च्या वर येन मोजायची वेळ आली. तिकडे अमेरिकेत दुष्काळामुळे गुरं घटली, २०२५ च्या जानेवारीत ती सुमारे ८ कोटी ६७ लाख होती, १९५१ नंतरची सगळ्यात कमी. म्हणजे मांस महाग, डॉलर महाग, आणि पाच किलोचं तीन-साडेतीन होणार ते वेगळंच. वर मास्टरचे गुडघे. रात्रभर दर पाऊण तासाने उठून लाकूड घालायचं काम सत्तरीत कसं झेपणार? गेल्या वर्षी त्यांनी काउंटरवर पाटी लावली, ब्रिस्केट यापुढे महिन्यातून एकच शनिवार. मी पाटी वाचत होतो तर ते कांदा चिरता चिरता म्हणाले, "तुम्ही लोक रात्रभर सर्व्हर सांभाळता ना?"

तर महिन्यातला एक शुक्रवार मी तिथे असतो. संध्याकाळी सहाला चार ब्रिस्केट आत जातात, मास्टर दहाला वरच्या मजल्यावर झोपायला. मला एकच सूचना आहे, भट्टी ११० च्या खाली जाऊ द्यायची नाही. मी हौसेने वायरलेस थर्मामीटर आणला, लॅपटॉपवर चारही तुकड्यांचा ग्राफ लावला. त्यांनी ग्राफ कौतुकाने पाहिला आणि भट्टीच्या दारावर हाताचा तळवा धरून म्हणाले, "डावीकडचं लाकूड ओलं आहे." होतं.

पहिल्या रात्री बाराच्या सुमारास चारही रेषा सपाट झाल्या. नेमका तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल. पुण्यात साडेआठ, जेवण आटोपून बसलेली.

"अरे, कुठे आहेस तू? मागे जाळ कसला?"

मी कॅमेरा फिरवून भट्टी दाखवली. आई अलिबागकडची.

"अगोबाई, पोपटीच की रे ही! मडकं कुठाय? भांबुर्डीचा पाला मिळतो का तिथे?"

"मडकं नाही गं, लोखंडी आहे. आणि रात्रभर ठेवायचं."

"रात्रभर? पोपटी तासाभरात होते." मग थोडं थांबली. आत काय आहे ते तिला माहीत होतं. तो शब्द तिने काढला नाही, मीही नाही. "त्या मास्टरांना घरचं कोणी आहे का?"

"नाही. बायको गेल्या तीन वर्षांपूर्वी."

"मग सकाळी त्यांना चहा तू करून दे. आणि राखेत एखादा कांदा टाक, चांगला लागतो."

कांदा टाकला. दीडच्या सुमारास एक रेषा हलली. अडीचला मास्टर खाली आले, आम्ही चारही तुकडे कागदात गुंडाळून परत आत ठेवले. सकाळी मी आलं घालून चहा केला. मास्टरनी तो साखरेशिवाय प्यायला, ते मला बघवेना. राखेतला कांदा सोलून मीठ लावून खाल्ला आणि तेव्हापासून तो मेन्यूवर आहे, २०० येन.

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, एकाऐवजी दोन शनिवार केले तर जमेल का. बायको म्हणाली, "जा तू. कपडे मात्र बाहेर काढून आत यायचं." आता प्रश्न एवढाच आहे की दुसरा शुक्रवार नेमका आमच्या रिलीजचा आहे. सोमवारी मॅनेजरशी बोलायचंय, आणि हे जपानीत कसं सांगतात ते अजून ठरत नाहीये.